खर्जातली मींड

१९८२ साल. मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत तुम्ही उभे आहात. चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रं मांडली आहेत. ठेक्याला टीआर-८०८, सुरावटीला एका वेळी आठ स्वर देणारा ज्युपिटर-८, आणि शेजारी चंदेरी प्लास्टिकची चपटी पेटी, टीबी-३०३. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा वादक आज दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवतो आहे.

त्या पेटीवर हात ठेवा. ज्याच्याकडे बेस गिटारवाला नाही, अशा वादकाच्या साथीसाठी तादाओ किकुमोतो यांनी ती घडवली. पण बेस गिटारसारखी ती वाजतच नाही! आत एकच ऑसिलेटर, त्याची लहर करवती नाहीतर चौकोनी. स्वर भरायची तऱ्हाही जगावेगळी: आधी नुसते स्वर एकामागून एक द्यायचे, मग काळ वेगळा सांगायचा. कुठे स्वर, कुठे तो लांबवायचा, कुठे गप्प राहायचं. घरं सोळा, त्रितालाच्या मात्राही तेवढ्याच.

आता कोमल रिषभावर 'स्लाइड' लावा आणि ऐका. यंत्र पुढचा स्वर नव्याने छेडत नाही, आधीच्याच आवाजाला ओढत तिथवर नेतं. सतारिया एका आघातात तार खेचून दुसरा स्वर काढतो, तीच ही मींड. कट-ऑफची घुंडी सावकाश फिरवा, गुरगुरणारा खर्ज उघडत जातो. रेझोनन्स वाढवा, त्याच खर्जातून धारदार शीळ वर येते. माझ्या मते या पेटीचा खरा स्वभाव इथे आहे. नकलेत ती कच्ची ठरली, म्हणून तिला स्वतःचा गळा मिळाला.

ही मींड मात्र एकाच ठरलेल्या वेगाची. रागाचा विस्तार तिच्या आवाक्यातला नाही. तो चरणजितजींच्या ज्युपिटरवरच्या बोटांत आहे. खाली यंत्र तीच सोळा घरं न थकता फिरवतं, वर माणूस राग उलगडतो.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. ही रेकॉर्ड फारशी खपणार नाही. १९८४मध्ये रोलँड ३०३चं उत्पादन थांबवेल. १९८७मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' याच पेटीच्या घुंड्या पिळून नवा नाच जन्माला घालेल, आणि २०१० साली ही रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर तिच्यात तोच आवाज ऐकून जग थक्क होऊन तारखा तपासेल. इथे अजून कुणालाच त्याची कल्पना नाही. भैरवी झाली. आता ललत: दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी भरा, आणि त्यांच्यामध्ये स्लाइड लावायला विसरू नका.