मामाची गोगलगाय

परवा रात्री आमच्या बाथरूमच्या जाळीतून एक गोगलगाय आत आली. शंखवाली नव्हे, ती दुसरी. काळपट, चपटी, ओल्या चामड्याच्या तुकड्यासारखी. लेक किंचाळली, बायको मिठाची बरणी घेऊन धावली. मी म्हटलं, "अगं, मीठ कशाला? थोरला मामा असता तर त्याने गरीला लावली असती हिला!"

दोघींनी माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा ती गोगलगाय बरी. :) मग सगळी कथा सांगावी लागली. सांगता सांगता लक्षात आलं, की ही कथा आपल्या घरात जशी सांगतात तशी ती नाहीच. म्हणून हे लिहितोय. नातेवाईक मंडळींपैकी एकदोघांना कदाचित आवडणार नाही. असो.

आमचं आजोळ कुंभिवली. खालापूर तालुक्यात, सावरोली-खारपाडा रस्त्याला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे. पाऊस सरलेला, भातं कापणीला आलेली, पाताळगंगेचं पाणी निवळत आलेलं. थोरला मामा संध्याकाळी गरवायला निघायचा आणि मागून आमची वरात. बाकीचे लोक गांडूळ लावायचे. मामा मात्र मोरीच्या दगडाखाली किंवा केळीच्या बुंध्याशी हात न लावता गोगलगाय शोधायचा. सागाच्या पानात धरायची, चुलीतल्या राखेत घोळवायची म्हणजे बुळबुळ जाते, आणि मग गरीला टोचायची.

फायदा काय, तर गांडूळ बारकी मासळी कुरतडून कुरतडून संपवते आणि मोठा मासा येईपर्यंत गरी रिकामी. गोगलगायीचं कातडं चिवट, ती बारक्यांना तुटत नाही. शिवाय अंगाने जड, त्यामुळे दोरीला शिसं बांधावं लागत नाही, आपल्या वजनाने तळाशी जाते. तळाशी फिरणारी शिंगटी आणि वाम वासाने अन्न शोधतात, त्यांना ती बरोबर सापडते. मामाच्या टोपलीत शिंगटी असायचीच. तेव्हापासून आमच्या घरात 'मामाची गोगलगाय' हा शब्दच पडला. लग्नकार्यात कुणी काही अफलातून युक्ती केली, की म्हणायचं, "ही मामाची गोगलगाय हां!"

दुसऱ्या दिवशी मी सहज शोधायला बसलो, की जगात आणखी कुणी हा उद्योग केलाय का. तर केलाय की! इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने १६५३ साली गळाने मासे धरण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते आजही छापलं जातं. त्यात चब नावाच्या माशासाठी काळी गोगलगाय सांगितली आहे, पोट चिरून आतला पांढरा भाग दिसेल अशी. तिकडचे लोक आजही चबसाठी ती वापरतात. मला मात्र त्या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडली. खोट्या माशीने मासे धरण्याची माहिती देताना वॉल्टन सरळ सांगतो, की ही मला टॉमस बार्करकडून मिळाली. बार्कर हा व्यवसायाने स्वयंपाकी. त्याचं नाव वॉल्टनमुळे पुस्तकात राहिलं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे तर त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा ग्रंथ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', साधारण ११३० च्या सुमाराचा. शाळेत आपण याचं नाव ऐकलेलं असतं ते ओवीमुळे, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात असा उल्लेख त्यात आहे म्हणून. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असा एक भाग आहे. मासे कोणते, कोणते समुद्रातले नि कोणते नदीतले, कुणाला काय खायला घालून जवळ आणायचं, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, सगळं पद्धतशीर. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली यावर इंग्रजीत निबंध लिहिला, तेव्हा अभ्यासकांचं याकडे लक्ष गेलं.

आता जरा विचार करा. कुठला मासा काय खातो, हे राजाला कुणी सांगितलं असेल? पहाटे पाण्यात उतरून राजाने स्वतः तर बघितलं नसणार. कुणी भोई, कुणी कोळी दरबारात हात जोडून उभा राहिला असेल आणि सांगत गेला असेल. ग्रंथावर नाव सोमेश्वराचं.

पुढे सातशे वर्षांनी इंग्रजांच्या राज्यात तेच. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी. १८२४ पासून तो दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने इथल्या नद्यांतल्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद १८३८ च्या सुमारास मांडली. त्याने नावं देताना लोक म्हणायचे तेच शब्द लॅटिन शेपटाला जोडले. म्हणून आज जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत आपली शिंगटी 'मिस्टस सींगटी' आहे आणि खडकाला चिकटून राहणारा मळ्या 'गारा मुल्या' आहे. वाचून मला फार गंमत वाटली. पण त्या नावांपुढे कंसात नाव येतं ते साइक्सचं. 'साहेब, याला मळ्या म्हणतात' असं सांगणारा माणूस कुठेच नाही.

इथवर आलो आणि मला मामाची गोगलगाय टोचायला लागली. कारण मला आठवत होतं, की नदीवर मामा एकटा नसायचा. वाडीवरचा एक कातकरी म्हातारा असायचा. तो कमी बोलायचा. पहिली गोगलगाय राखेत घोळवून त्यानेच मामाच्या हातात दिलेली मी पाहिली आहे. आम्ही पोरं तेव्हा त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही. टोपली मामाची, कौतुक मामाचं.

यावर कुणी म्हणेल, त्यात काय, आदिवासींकडे असल्या पूर्वापार गोष्टी असतातच. मलाही आधी तसंच वाटलं. पण तसं नाही हो!

पहिली गोष्ट म्हणजे ही गोगलगाय इथली नाहीच. चामड्यासारखी दिसणारी ही जात मूळची आफ्रिकेतली मानतात, ती माणसांच्या मालाबरोबर, मातीतून नि रोपांतून जगभर पसरली. शंखवाली मोठी आफ्रिकन गोगलगाय तर १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकिनाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती बागेतून सुटली. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडे कोवळं सोयाबीन फस्त केलं ते गोगलगायींनीच.

दुसरी गोष्ट नदी. आम्हाला वाटायचं पाताळगंगा बारमाही म्हणजे देवाचीच कृपा. ती कृपा १९१५ ची आहे! लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून, घाटावरचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून सोडून टाटांनी खोपोलीला वीज केली, मुंबईच्या गिरण्यांसाठी. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेत. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला, पूर्वेला जायचा पाऊस पश्चिमेला आला. त्याआधी आपल्याकडच्या नद्यांचं उन्हाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच, डोहात उरेल तेवढंच पाणी आणि तेवढेच मासे.

म्हणजे नदीचं पाणी नवं, गोगलगाय परकी. मग 'पूर्वापार' कुठून आलं? कुणीतरी, केव्हातरी, हा नवा किडा उचलून बघितला. त्याचं कातडं चिवट आहे हे ओळखलं. बुळबुळ कशाने जाईल याचे प्रयोग केले. कुठला मासा घेतो, कुठला नाही, हे बघितलं. याला आपण दुसरीकडे संशोधन म्हणतो. कातकऱ्यांचा पिढीजात धंदा खैराचा कात काढण्याचा, नावच त्यावरून. इंग्रजांच्या जंगलकायद्यांनी तो गेला. मग नदी, शेतमजुरी, कोळशाच्या नि विटांच्या भट्ट्या. अशा माणसांना नव्या पाण्यात काय चालेल हे रोज शोधावंच लागत असणार.

मी मामाला फोन केला. तो आता ऐंशीच्या पुढे आहे.

"मामा, तुला गोगलगाय कुणी शिकवली रे?"

"वाडीवरच्या म्हाताऱ्याने. का?" इतकं सरळ. मामाने कधी नाकारलंच नव्हतं, आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"त्याचं नाव काय होतं?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "म्हाताराच म्हणायचो आम्ही." आणि जरा थांबून, "तो मला शेठ म्हणायचा."

दोन दिवसांनी त्याचाच फोन. काठी टेकत स्वतः वाडीवर जाऊन आला होता. पण त्या घरातलं तिथे कुणी राहिलेलं नाही. एक मुलगा भट्टीवर गेला तो तिकडेच राहिला म्हणतात. कुठे, कुणाला माहीत नाही. "वीस वर्षं एकत्र बसलो रे नदीवर," मामा म्हणाला, आणि मग माझ्या पोरीच्या परीक्षेची चौकशी करायला लागला.

जाता जाता, पोरंबाळं असलेल्यांसाठी एक. या गोगलगायींना हाताने धरू नका, धरलीच तर साबणाने हात धुवा आणि पालेभाजी नीट धुवून घ्या. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी त्यांच्या अंगात वाढतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूला सूज आणू शकतो. मुंबईतल्या उंदरांत आणि याच जातीच्या गोगलगायींत तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेला आहे. म्हाताऱ्याचं सागाचं पान नि राख त्यासाठी नव्हती हं, ती फक्त हात बुळबुळीत होऊ नये म्हणून. जे नव्हतं ते त्याच्या नावावर लावायला नको. जे होतं तेच पुष्कळ आहे.

गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण म्हणतो. आमच्या या गोगलगायीच्या पोटात एक माणूस निघाला. आता आजोळच्या मंडळींना विनंती. ताई, दादा, धाकटी मावशी, तुमच्यापैकी कुणाला त्या म्हाताऱ्याचं नाव आठवत असेल तर कळवा. मुलाचं आठवत असेल तरी चालेल. मामाला सांगायचं आहे.