हिम, वाट आणि सायकल : उत्तरेकडील हिवाळी वाहतुकीच्या इतिहासातील एक प्रकरण

सायकल हे उन्हाळी वाहन होय, हिमवृष्टीस प्रारंभ होताच ते अडगळीत ठेवावयाचे, असा एक सर्वसाधारण समज आहे. थंडी जितकी तीव्र तितका सायकलीचा उपयोग कमी, हे गृहीत त्याच्या मुळाशी असते. इतिहासाचा पुरावा मात्र या गृहीताला पोषक नाही. सायकल हिवाळ्यात चालते की नाही, हे थंडीच्या तीव्रतेपेक्षा वाटेच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते, आणि वाटेची स्थिती बहुतांशी माणसांच्या निर्णयावर अवलंबून असते, असे त्यातून दिसून येते.

जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ ही समान चाकांची सायकल १८८५ मध्ये निघाली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवा भरलेली रबरी धाव प्रचारात आणली. यानंतर अवघ्या एका तपात हे यंत्र उत्तर ध्रुववृत्ताच्या परिसरात पोहोचले. अलास्काच्या किनाऱ्यावरील नोम येथे सोने सापडल्याची वार्ता पसरताच क्लोंडाइकमधील डॉसनहून अनेकजण तिकडे निघाले. त्यांपैकी एड जेसन हा २२ फेब्रुवारी १९०० रोजी सायकलीवरून निघाला आणि गोठलेल्या यूकॉन नदीच्या पात्रावरून सुमारे एक हजार मैलांचा प्रवास करून पाच आठवड्यांच्या सुमारास नोमला पोहोचला. अतिशीत दिवशी बेअरिंगमधील तेल गोठे, रबर कडक होई. तथापि कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांनी दाबून घट्ट केलेली अरुंद वाट त्याच्या चाकांना आधार देत होती. त्याच वर्षी २ मार्चला निघालेला मॅक्स हर्शबर्ग १९ मे रोजी नोमला पोहोचला. त्याला सुमारे अकरा आठवडे लागले. वितळू लागलेल्या बर्फातून तो पाण्यात पडला, पुढे सायकलीची साखळीही तुटली, आणि अखेरच्या टप्प्यात त्याने आपल्या कोटाचे शीड करून वाऱ्याच्या बळावर सायकल पुढे नेली. दोघांच्या अडचणी सर्वस्वी सारख्या नव्हत्या, हे खरे. तरीही मार्चच्या कडक थंडीने जे सुकर केले ते मे महिन्याच्या उबेने दुष्कर केले, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

याचे कारण हिमाच्या गुणधर्मात आहे. शून्याच्या बऱ्याच खाली गेलेले आणि दाबले गेलेले हिम कोरडे व कठीण असते. त्यावर चाकाची पकड बरी राहते. तापमान शून्याच्या आसपास आले की बर्फावर पाण्याचा पातळ थर साचतो, चाकाखालचे हिम चिखलासारखे होते, आणि रात्री तेच पुन्हा गोठून निसरडे व उंचसखल बनते. सायकलस्वाराला खरे भय असते ते या वितळण्या-गोठण्याच्या फेऱ्याचे.

सोन्याच्या शोधातील साहस हे अर्थातच अपवादात्मक होय. शाळा, कचेरी आणि बाजार यांसाठीचा नित्याचा प्रवास अशा हवामानात शक्य व्हावयाचा, तर स्लेजगाड्यांनी सहज घडविलेली ती दाबलेली वाट कोणीतरी हेतुपुरस्सर घडवावी लागते. फिनलंडमधील औलू या नगराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. बॉथ्नियाच्या आखातावर सुमारे ६५ उत्तर अक्षांशावर वसलेल्या या नगराची स्थापना १६०५ मध्ये झाली. येथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली नऊ-दहा अंशांच्या आसपास असते, आणि डिसेंबरच्या मध्यावर सूर्यप्रकाश जेमतेम साडेतीन तास मिळतो. फिनलंडमध्ये मोटारींच्या आयातीवरील निर्बंध १९६२ मध्ये उठले व मोटारींची संख्या वेगाने वाढली. अनेक नगरांनी आपले रस्ते या नव्या वाहनासाठी आखले. औलूने मात्र १९७० च्या दशकात मोटाररस्त्यांपासून अलग अशा सायकल-मार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. आज त्याची लांबी आठशे किलोमीटरहून अधिक असून, मोठे रस्ते न ओलांडता त्यांच्याखालून जाण्यासाठी सुमारे तीनशे भुयारी वाटा आहेत.

परंतु मार्ग बांधणे हे अर्धेच काम होय. औलूच्या मुख्य सायकल-मार्गांवरील नवे हिम सकाळच्या वर्दळीपूर्वी दूर केले जाते. ते जमिनीपर्यंत खरवडून काढीत नाहीत. खाली दाबलेल्या हिमाचा सपाट थर राखतात, त्यावर यंत्राच्या दातेरी पात्याने बारीक चऱ्या पाडतात आणि गरजेप्रमाणे बारीक खडी पसरतात. मिठाचा वापर शक्यतो टाळला जातो, कारण कडक थंडीत मिठाचा प्रभाव फारसा उरत नाही. याउलट कोपनहेगनमध्ये हिवाळी तापमान शून्याच्या आसपास घोटाळत असल्याने मीठ परिणामकारक ठरते, आणि तेथील नगरपालिका मुख्य सायकल-मार्गांच्या सफाईस अग्रक्रम देते. साधने भिन्न आहेत. सायकलस्वाराची वाट प्रथम मोकळी करावी, हे तत्त्व मात्र समान आहे.

या अग्रक्रमाला सामाजिक अर्थ आहे. स्वीडनमधील कार्ल्स्कूगा या नगराने २०११ च्या सुमारास हिमसफाईच्या क्रमाची फेरतपासणी केली, तेव्हा मोटाररस्ते प्रथम साफ करण्याच्या रूढ पद्धतीचा लाभ मुख्यतः पुरुषांना होतो, आणि पायी वा सायकलीने जाणाऱ्या स्त्रियांच्या व मुलांच्या वाटा मागाहून मोकळ्या होतात, हे ध्यानात आले. त्यानुसार क्रम बदलण्यात आला. औलूमध्येही शून्याखाली पंधरा-वीस अंश तापमानात मुले सायकलीने शाळेत जातात. वर्षभरातील फेऱ्यांपैकी सुमारे एकपंचमांश तेथे सायकलीने होतात. हिवाळ्यात हे प्रमाण घटते, तरी ते दहांत एकाच्या आसपास राहते. हिवाळी सायकल-वाहतुकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये औलू येथेच भरली.

औलूची भूमी सपाट आहे, नगरपालिकेपाशी साधने आहेत, आणि सायकलीची सवय तेथे पूर्वीपासूनच होती. म्हणून हे उदाहरण सर्वत्र जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. शिवाय, उत्तरेकडील हिवाळे आता सौम्य होत चालले असून शून्याच्या दोन्ही बाजूंस तापमानाची चढउतार अधिक वेळा होते. हर्शबर्गला १९०० च्या वसंतात ज्या ओल्या, फसव्या बर्फाने छळले, तोच औलूच्या दाबलेल्या हिमाच्या वाटेपुढे आज प्रश्न होऊन उभा आहे. थंडीशी जुळवून घेण्यास या नगराला काही दशके लागली. उबेशी जुळवून घेण्याचे काम नुकतेच कोठे सुरू होत आहे.