कंपन्यांची नैतिक वचने आणि कायदा (जालन्याचा बियाणे उद्योग)

कंपनीने स्वतःहून जाहीर केलेली मूल्ये, आचारसंहिता किंवा शेतकरीहिताची ग्वाही न्यायालयामार्फत पाळायला लावता येते का, हा प्रश्न जालना जिल्ह्यात बियाण्याच्या पिशवीपाशी येऊन ठेपतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली आणि जालना संकरित बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले.

निव्वळ ग्वाहीला कराराचे बळ नसते. तीच लेबलावर किंवा जाहिरातीत उतरली की कंपनी बांधली जाते. बियाणे अधिनियम, १९६६ नुसार अधिसूचित वाणाची उगवणशक्ती व शुद्धता किमान मर्यादेखाली चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका महत्त्वाच्या निकालात अपील करणारी कंपनी महिकोच होती. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांची तक्रार सूर्यफुलाच्या सदोष बियाण्याबद्दल होती. बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, हा कंपनीचा आक्षेप न्यायालयाने मानला नाही. शेतकरी आणलेले सगळे बी पेरून टाकतो. मग नमुना आणणार कुठून? तपासणीची मागणी कंपनीला करता आली असती, ती तिने केली नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची खरी अडचण ओळखणारा हा निकाल आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात २०१२ मध्ये याच न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच असल्याचे स्पष्ट केले. म्हणून पावती, टॅग आणि रिकामी पिशवी जपून ठेवणे व उगवण फसताच कृषी विभागाकडून पंचनामा करून घेणे आवश्यक ठरते.

कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १३५ ठरावीक आर्थिक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावते. खर्चाची सक्ती आहे. दिलेल्या शब्दाची नाही.

सर्वांत दुबळी वचने मजुरांविषयीची. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात फुलांचे परागीकरण हाताने करावे लागते. बालमजूर न ठेवण्याची अट बीजोत्पादकाशी केलेल्या करारात असली, तर ती कंपनी आणि बीजोत्पादक यांच्यापुरती असते. प्लॉटवर राबणारी मजूर स्त्री त्या करारात पक्षकार नसल्याने तिला सहसा त्याच्या आधारे दाद मागता येत नाही. तिला बालमजुरीविरोधी कायदा व किमान वेतनाच्या कायदेशीर तरतुदी यांचाच आधार घ्यावा लागतो.