द्वेषातून गुन्हा झाल्यावर पीडितालाच दोष का दिला जातो?

३० मार्च २०२५ च्या पहाटे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही. पोलिसांनी दोघांना अटक केली. अशी बातमी मोबाईलवर आली की दोन प्रश्न विचारले जातात: ‘कोणी केलं?’ आणि ‘त्यांनी आधी काय केलं होतं?’ दुसरा प्रश्न पडतो की नाही, हे बऱ्याचदा पीडित कोणत्या जातीचा किंवा धर्माचा आहे यावर ठरते.

द्वेषगुन्हा म्हणजे काय?

जात, धर्म, भाषा, लिंग अशा ओळखीमुळे एखाद्याला लक्ष्य केले, तर तो द्वेषगुन्हा. यात पीडिताने काहीही केलेले नसले तरी चालते. त्याची ओळख हेच हल्ल्याचे कारण असते.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे

*खैरलांजी, २००६:* भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबरला भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची हत्या झाली. सुरुवातीला चर्चा झाली ती आईच्या चारित्र्याची. पुढे आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा गुन्हा जातीय नसून सूडातून झाल्याचे मानले.

*पुणे, २०१४:* फेसबुकवरील आक्षेपार्ह मजकुरावरून तणाव असताना २ जूनला हडपसरमध्ये मोहसीन शेखला जमावाने मारहाण करून ठार केले. त्या मजकुराशी त्याचा संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, असे नमूद केले आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मृत एका विशिष्ट समाजाचा होता, हे हल्ल्याचे समर्थन ठरू शकत नाही, खुनाचे तर नाहीच, असे बजावले. जानेवारी २०२३ मध्ये मात्र पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

असे का होते?

- ‘जग न्यायी आहे’ हा समज: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात हे मांडले. निरपराध माणसाला त्रास झालेला पाहवत नाही, म्हणून मन त्याचीच चूक शोधते. ‘काहीतरी केलं असेलच’ हे वाक्य तिथून येते.
- ‘आदर्श पीडित’: नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९८६ मध्ये दाखवले की दुबळा, ‘सभ्य’ दिसणारा पीडित सहज सहानुभूती मिळवतो. इतरांना ती कमवावी लागते.
- आपला-परका: आपल्या माणसाची चूक परिस्थितीमुळे वाटते, परक्याची त्याच्या स्वभावामुळे.

कायदा काय पाहतो?

भारतात ‘द्वेषगुन्हा’ नावाचा स्वतंत्र कायदा नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून खून केल्यास फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. ॲट्रॉसिटी कायद्यातही महत्त्वाचा बदल झाला आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पूर्वी तो जातीच्या ‘कारणावरून’ झाला हे सिद्ध करावे लागे. जानेवारी २०१६ पासून पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असल्याचे आरोपीला ‘माहीत होते’, हे पुरेसे ठरते.

शेअर करण्याआधी

बातमीतील पीडिताच्या जागी आपल्या समाजातील नाव ठेवून पाहा. तरीही ‘त्याने काय केलं होतं?’ हाच प्रश्न आधी सुचतो का?

उत्तर ‘नाही’ असेल, तर तो प्रश्न घटनेतून नव्हे, पीडिताच्या नावातून आला आहे.