वुडन, जॉन
वुडन, जॉन रॉबर्ट : (१४ ऑक्टोबर १९१०–४ जून २०१०). अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक. जन्म इंडियाना राज्यातील हॉल या गावी. पर्ड्यू विद्यापीठाचे अव्वल खेळाडू म्हणून नाव कमावल्यावर त्यांनी केंटकी व इंडियानातील शाळांत इंग्रजी शिकवत अकरा वर्षे संघ घडवले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. १९४६ मध्ये ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. पण तेथे कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. क्लॅरेन्स वॉकर या राखीव खेळाडूला मागे ठेवून जाण्यास वुडन यांनी नकार दिला. १९४८ मध्ये बंदी उठली आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला. पुढच्या सगळ्या करंडकांहून हा नकार मोठा मानला पाहिजे.

त्याच वर्षी ते लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) रुजू झाले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते सोळाव्या हंगामात, १९६४ साली. इतका धीर आज क्वचितच कोणत्या प्रशिक्षकाच्या वाट्याला येतो. त्या वर्षापासूनच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदे, त्यांपैकी सात सलग, आणि ओळीने ८८ सामन्यांत विजय. करीम अब्दुल-जब्बार व बिल वॉल्टन हे त्यांचे शिष्य. फोड येऊन पाय जायबंदी होऊ नयेत म्हणून सुरकुती न पडता मोजे कसे चढवावेत, हे ते हंगामाच्या आरंभी स्वतः शिकवीत. १९७५ चा अंतिम सामना जिंकून ते निवृत्त झाले.