सुरतेच्या सुतारांचा वारसा : ‘त्रिंकोमाली’

सुरतेचा इतिहास म्हटले की आपण मराठी माणसे १६६४ पाशीच थांबतो. पण तापीकाठच्या कारागिरांची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे.

१७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर काही सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईला गोदी बांधायला गेले. (वाडिया म्हणजे जहाजे बांधणारा.) सुरतेचे नुकसान, मुंबईचा फायदा! त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बमनजींनी ब्रिटिश नौदलासाठी ‘त्रिंकोमाली’ हे ४६ तोफांचे जहाज मलबारी सागवानात बांधले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. पुढच्याच महिन्यात खडकीची लढाई झाली.

१८१९ मध्ये इंग्लंडला पोचल्यावर मात्र ते पंचवीसेक वर्षे नुसतेच बांधून ठेवले होते. १८४७ पासून वेस्ट इंडीज, मग पॅसिफिकमध्ये गस्त. १८९७ मध्ये विकले गेल्यावर नाव बदलून त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण मिळू लागले, ते थेट १९८६ पर्यंत. बरोबरीची कितीतरी जहाजे मोडीत निघाली. आपला साग टिकला.

दुरुस्तीनंतर मूळ नावाने ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. कुणाची मुले तिकडे असतील, तर त्यांना जरूर पाहून यायला सांगा.