पास्त्याच्या सॉसचे मूळ गाव
पालेगावच्या आमच्या स्वयंपाकघरात पास्त्यासाठी सॉस रटरटतो आहे: तेल, लसूण, टोमॅटो, मीठ.

जवळचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. तेव्हा टोमॅटो ना इथे होता, ना इटलीत. स्पॅनिशांनी तो मेक्सिकोतून युरोपात नेला.

नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनी याने १६९२-९४ च्या ग्रंथात निखाऱ्यांवर भाजलेल्या टोमॅटोचा, कांदा-मिरची घातलेला सॉस नोंदवला. त्याला ‘स्पॅनिश’ म्हटले. पास्त्याशी त्याची गाठ पुढे, अठराव्या शतकाच्या अखेरीस पडली.

विदर्भात टोमॅटो म्हणजे भेदरे. भाजलेल्या भेदऱ्यांची चटणी ही लातिनीच्या सॉसची बहीणच!

पास्त्याला ‘परका’ म्हणणाऱ्यांनी आपल्या आमटीतील टोमॅटो-मिरचीलाही गाव विचारावे.